न्यायाधीशाच्या परदेशी बापाची वाटणी

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, भानुदास गोविंदराव तायडे, वय त्र्याहत्तर, धंदा इलेक्ट्रिक पॅनेलची जोडणी व दुरुस्ती, मूळ राहणार तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, सध्या राहणार वादी अदाई, मस्कत, ओमान, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. कोणी लाडीगोडीही लावलेली नाही, हे थोड्या खेदाने नमूद करतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, त्यात माझे डोके ठीक आणि हृदय दुरुस्तीला आलेले असे लिहिले आहे. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. चाळीस वर्षे मीही गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझी पत्नी अनुसया समोर भाजी निवडत आहे आणि मधूनमधून वाकून पाहत आहे. "इतकं लिहून राह्यले, तं थोडं चालूनही पाहा. डॉक्टरनं चालाले सांगतलं, लिहाले नाही," असे तिचे म्हणणे आहे. ते इथे नोंदवून पुढे जातो.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही पत्नीच्या पश्चात मुलाला आणि मुलीला निम्मे निम्मे ठेवले होते आणि ते एका पानात मावले होते. ते या मृत्युपत्राने रद्द समजावे. ते रद्द का करावे लागले हे तिसऱ्या कलमात येईल.

कलम पहिले. अकोल्याचा फ्लॅट, मस्कतच्या बँकेतील शिल्लक, घरातील सर्व सामान आणि दिवाणखान्यातील बुद्धमूर्ती माझी पत्नी अनुसया हिला द्यावी. फ्लॅटच्या गच्चीवरची टाकी गळते. ती सोसायटीने दुरुस्त करायची आहे, आपण नाही. सेक्रेटरी कितीही गोड बोलला तरी अनुसयेने पैसे देऊ नयेत. तिच्या पश्चात हे सर्व कोणाला जावे हे तिने तिचे ठरवावे. माझ्या मर्जीने ती आयुष्यात एकदाच वागली, लग्नाच्या दिवशी, आणि त्यातही हार घालताना तिने मला वाकायला लावले होते.

कलम दुसरे. मस्कतच्या गाला भागातील पॅनेल वर्कशॉपमधील माझी भागीदारी माझा मुलगा अश्विन याला द्यावी. तोच आता वर्कशॉप पाहतो. आमचे अर्बाब, म्हणजे मूळ मालक आणि भागीदार सालिम, यांनी मला एवढ्या वर्षांत एकदाही हिशेब उशिरा दिला नाही, हे अश्विनने लक्षात ठेवावे आणि तसेच वागावे. वर्कशॉपमधील माझी फिरती खुर्ची सालिमना द्यावी. ते आले की तिच्यावरच बसतात आणि मी उभा राहतो. अश्विन याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो, कारण तो कागद फेकत नाही. फार बोलतही नाही.

कलम तिसरे. माझी मुलगी तृप्ती हिला काय द्यावे, हा या मृत्युपत्राचा खरा प्रश्न आहे. बाकीची कलमे मी एका सकाळी लिहिली. हे कलम सबंध उन्हाळा चालले आहे.

तृप्ती कडेवर होती तेव्हा आम्ही मस्कतला आलो. ती इथल्या भारतीय शाळेत शिकली, पुढे अमेरिकेला गेली, वकील झाली, तिथेच लग्न केले आणि तिथलीच नागरिक झाली. सध्या ती तिथल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, न्यायाधीश आहे. राज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हा कागद कोणाच्या हाती पडेल आणि त्याची जाहिरात होईल, सांगता येत नाही.

तिच्या राज्यात न्यायाधीश नेमत नाहीत, निवडून देतात. मते मागावी लागतात, फलक लावावे लागतात, जाहिराती कराव्या लागतात. ती पहिल्यांदा उभी राहिली ते साल दोन हजार अठरा. ही बातमी मी सालिमना वर्कशॉपमध्ये सांगितली.

"भानू, तुम्हारा बेटी काझी बनता है?" ते खूश झाले. "माशाल्ला! किसने रखा?"

"रखा नहीं अर्बाब. लोग वोट देगा."

"काझी को वोट?" त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "वोट माँगने का पैसा कौन देता?"

"लोग देता है. कंपनी लोग भी देता है."

"और वो कंपनी का केस आया तो?"

"वोही काझी सुनता है."

सालिमनी कप पुन्हा उचलून उरलेली कॉफी संपवली. मग म्हणाले, "यल्ला, पॅनेल दिखाओ." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. मला वाटते त्यांना माझ्या हिंदीवर शंका आली.

त्या वर्षीच्या बाबासाहेबांच्या जयंतीला, जेवणाच्या वेळी, ओमप्रकाश मेश्राम यांनी माइक हाती घेतला. ओमप्रकाश नागपूरचे, बांधकाम कंपनीत मोजमापाच्या खात्यात आहेत, आणि इथल्या आमच्या लोकांचा कोणताही कार्यक्रम त्यांच्या माइकशिवाय होत नाही. ते म्हणाले, "आपली पोरगी तिकडं जज व्हायले उभी आहे. गोऱ्यायच्या देशात! अन् आपण काय नुसती बुंदी खाऊन घरी जायचं?" टाळ्या झाल्या. जयंतीला, लग्नाला, कोणाच्या आजारपणाला वर्गणी काढायची हे आमच्यात रक्तातच आहे. वर्गणी दिली नाही तर माणूस आपला कसा म्हणायचा? परवान्याशिवाय पैसे गोळा करणे या देशात चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून पावतीपुस्तक छापले नाही. कायद्याचा आदर आम्ही एवढ्यापुरता राखला. मंडळाला नाव मात्र दिले: तृप्ती मित्रमंडळ, मस्कत.

तृप्तीच्या निवडणुकीच्या वेबसाइटवर देणगी द्यायची सोय होती. तिथे काही चौकोन होते. त्यातला एक असा होता की मी अमेरिकेचा नागरिक किंवा तिथला कायमचा रहिवासी आहे. ओमप्रकाश कुठल्याही वेबसाइटवर सगळ्या चौकोनांत टिक करतात, नाहीतर पुढचे पान उघडत नाही असा त्यांचा अनुभव आहे. त्यांनी टिक केले. पुढचे पान उघडले.

आठवड्याच्या आत तृप्तीचा फोन आला.

"बाबा, हे तृप्ती मित्रमंडळ कोण आहे?"

"आम्ही सगळे," मी अभिमानाने म्हणालो.

"बाबा, यू कान्ट. तुम्ही देऊ शकत नाही. तुम्ही फॉरेनर आहात."

"फॉरेनर? कोणासाठी?"

तिने कुठल्याशा कलमाचा नंबर सांगितला. मग मी म्हणालो, "तुझ्या जन्माच्या वेळी अकोल्याच्या दवाखान्यात मी सही केली, तेव्हा मला कोणी नागरिकत्व विचारले नव्हते."

"बाबा, लॉ इज लॉ. तुम्हीच तर असं बोलायचे ना?"

मी तसे बोलायचो. सगळे पैसे परत आले, सोबत छापील कागद. त्यात देणगी परत करण्याचे कारण आणि देणगीदाराचा प्रकार असे दोन रकाने होते. माझ्या नावापुढे लिहिले होते, प्रकार: परदेशी नागरिक. कागद बरोबर होता. मी तो घडी करून माझ्या पासपोर्टात ठेवला. यात माझी काही चूक झाली असे मी आजही मानत नाही. कायद्याच्या दृष्टीने झाली, हे मान्य आहे.

त्यानंतर त्या काउंटीत घरोघरी तृप्तीच्या फोटोची रंगीत कार्डे पोचू लागली. ती तिने छापली नव्हती. तिकडे कंपन्या आणि धंदेवाले मिळून एक समिती काढतात, तिला पॉलिटिकल ॲक्शन कमिटी म्हणतात, तोंडी नुसते पॅक. अशा समितीच्या नावात न्याय, नागरिक, कुटुंब, सुरक्षित असले शब्द असतात. पैसे कोणाचे ते नावात नसते. समिती उमेदवाराला न विचारता त्याच्या बाजूने खर्च करते. विचारून केला तर भानगड होते आणि न विचारता केला तर ते स्वातंत्र्य असते. या समितीमागे एक ट्रक वाहतुकीची कंपनी होती. तृप्तीला हे वर्तमानपत्र वाचून कळले.

अनुसयेला मी हे समजावून सांगितले ते संभाषण असे झाले.

"ह्या ट्रकवाल्यायले आपली तृप्ती कुठं भेटली?"

"भेटलीच नाही."

"मंग हे काहून पैसे लावून राह्यले तिच्यावर?"

"त्यांना चांगला न्यायाधीश हवा असेल."

"अन् आपल्याले नको होता का?"

"आपण परदेशी आहोत."

ती उठून कुकरकडे गेली. शिट्टी झालेली नव्हती.

तृप्ती निवडून आली. पुढे काही वर्षांनी त्याच ट्रक कंपनीचा खटला तिच्यासमोर आला. ब्रेक निकामी होऊन एक ड्रायव्हर मेला होता आणि त्याची बायको कोर्टात आली होती. पहिल्याच दिवशी तृप्तीने भर कोर्टात सांगितले की या कंपनीच्या समितीने माझ्या निवडणुकीत न विचारता जाहिराती केल्या होत्या, कोणाला दुसरा न्यायाधीश हवा असेल तर मी आत्ता बाजूला होते. त्या बाईच्या वकिलाने विचार करून चालेल म्हटले. कंपनीच्या वकिलाने विचार न करता चालेल म्हटले. मग तृप्तीने ट्रकच्या दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी हजर करायचा हुकूम दिला. यंत्र बिघडले की आधी दुरुस्तीच्या नोंदी मागायच्या, यात मला कायद्याचे काही वाटले नाही. कोणत्याही वर्कशॉपमध्ये तेच करतात आणि ती वर्कशॉपमध्ये वाढली आहे. ब्रेक तपासलेलेच नव्हते. कंपनी हरली.

आता, या वर्षी, नोव्हेंबरमध्ये तृप्तीची दुसरी निवडणूक आहे. तीच ट्रकवाली मंडळी नव्या नावाची समिती काढून तिच्या विरुद्ध उतरली आहेत. त्यांनी टीव्हीवर एक जाहिरात केली आहे आणि त्या जाहिरातीत मी आहे. अश्विनने इंटरनेटवरून तिथले चॅनेल आमच्या टीव्हीवर लावून ती मला दाखवली.

माझा फोटो ओमप्रकाशच्या फेसबुकवरून घेतला आहे. गालाच्या वर्कशॉपमध्ये मी टेबलापाशी उभा आहे, मागे अरबी पाटी आहे आणि माझ्या हातात मेगर आहे. मेगर म्हणजे वायरचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र. काळी पेटी, बाजूला फिरवायची दांडी, पुढून निघणाऱ्या दोन वायरी. सिनेमात पूल उडवणारा माणूस अशीच पेटी घेऊन बसलेला असतो. फोटो काळापांढरा केला आहे, कॅमेरा हळूहळू माझ्या हाताजवळ जातो आणि एक जाड आवाज विचारतो, "आपल्या न्यायाधीशाला परदेशातून पैसे कोण पाठवत होते?" पैसे परत केले होते हे शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे. मी चष्मा लावून टीव्हीजवळ जाऊन वाचले, तोपर्यंत दुसरी जाहिरात लागली होती.

ओमप्रकाश फोन करून म्हणाले, "भानुदासजी, फोटो छान आला तुमचा." मी फोन ठेवला. आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्या आठवड्यात त्यांनी काय करावे? मी आणि ते दरवर्षी तृप्तीला मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातला ओमानी हलवा पाठवतो, तो त्यांनी तिच्या निवडणूक कचेरीच्या पत्त्यावर पाठवून दिला, तिथली पोरेपोरी दिवसभर राबतात म्हणून. हलवा परत आला. सोबत कागद: परदेशी नागरिकाकडून आलेली वस्तुरूप देणगी स्वीकारता येत नाही. अमेरिकेला जाऊन आलेला तो हलवा आम्ही चहाबरोबर संपवला. थोडा घट्ट झाला होता.

त्या रात्री तृप्तीचा फोन आला. आवाज बसलेला होता. "बाबा, प्लीज. इलेक्शन होईपर्यंत काही पाठवू नका. नथिंग. माझ्या वकिलाने सांगितलंय, तुमचं नाव माझ्या बाजूला कुठेच नको." मी बरे म्हणालो. मग ती म्हणाली, "मी ही सीट हरले ना बाबा, तर यापुढे इथे कुठलाच जज त्या लोकांचे पेपर मागणार नाही." मी पुन्हा बरे म्हणालो. मला फार वाईट वाटले, एवढेच इथे लिहितो.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मी मेल्यावर तिला जे मिळेल, ते पण मीच पाठवलेले असेल. शस्त्रक्रियेत मी गेलो आणि अकोल्याच्या अर्ध्या फ्लॅटचा मार्ग तिच्या नावाने मोकळा झाला, तर जाड आवाजाच्या त्या माणसाला पुन्हा काम मिळेल. कायद्याने वारसा म्हणजे देणगी नव्हे, हे मी विचारून घेतले आहे. पण जाहिरात कायदा वाचून करत नाहीत. माझ्या मुलीच्या खुर्चीला माझ्या मरणाने धक्का लागू नये, एवढ्यासाठी हे सगळे मृत्युपत्र नव्याने लिहीत आहे.

माझे मित्र रशीद, मूळचे रत्नागिरीचे, मत्रहला अत्तराचे दुकान असलेले, यांना मी सल्ला विचारला. ते म्हणाले, "भानुदासभाई, सोनं घ्या नि माझ्या दुकानात ठेवा. पोर आली की हातात द्या. सोन्यावर काय पासपोर्ट छापलेला नसतो." मी म्हणालो की बाजारात तुमच्या दुकानासमोर दिवसभर पर्यटक फोटो काढत असतात. त्यांनी मान्य केले.

तेव्हा तृप्ती हिला पुढीलप्रमाणे द्यावे: घर नाही, पैसा नाही, दागिना नाही. फक्त माझा मेगर द्यावा, आणि तोही ती न्यायाधीश नसेल तेव्हा. हा मेगर मी भारतातून येताना आणला. शुक्रवारी वर्कशॉपमध्ये दुसरे कोणी नसे तेव्हा मी तिला घेऊन जायचो. मी वायरी धरायचो, ती दोन्ही हातांनी दांडी फिरवायची. इन्सुलेशन चांगले असेल तर काटा पार टोकाला जातो, तिथे अनंताची खूण असते. काटा तिथे पोचला की ती ओरडायची, "बाबा, इन्फिनिटी!" मग पुढच्या वायरकडे. वायर खराब असली तर तीच मला सांगायची, "ही नको, ही खोटं बोलते." तिला काय द्यायचे, तर एवढे एकच माझ्याकडे आहे असे मला वाटते.

*(वरील परिच्छेद खोडला आहे. खोडणाऱ्याची सही: भा. गो. तायडे. कारण पुरवणीत पाहावे.)*

कलम चौथे. ओमप्रकाश मेश्राम यांना माझा वाचायचा चष्मा द्यावा. माझा आणि त्यांचा नंबर एक आहे. चौकोनात टिक करण्यापूर्वी त्यांनी तो लावावा. त्यांच्याविषयी मनात काही ठेवलेले नाही. जयंतीच्या दिवशी पहिली वर्गणी त्यांनी स्वतःच्या खिशातून काढली होती आणि ती त्यांच्या गावी जायच्या तिकिटासाठी साठवलेल्या पैशांतली होती, हे मला नंतर त्यांच्या घरून कळले. ते मला बोललेले नाहीत आणि हे वाचेपर्यंत मीही बोलणार नाही.

कलम पाचवे. माझा धाकटा भाऊ, जो मूर्तिजापूरला असतो, याने आमच्या लग्नात आलेला तांब्याचा बंब नेला तो परत केलेला नाही. तो बंब मी त्याला या मृत्युपत्राने देत आहे. आता तरी त्याने तो दिवाणखान्यात उघड ठेवावा. आम्ही गेलो की दरवेळी पलंगाखाली लपवतो, त्याचे गुडघे आता दुखतात.

कलम सहावे. माझे अंत्यविधी जिथे मरण येईल तिथे, जो विधी सोपा पडेल तसा, त्रिशरण पंचशील म्हणून करावेत. माइक कोणाकडे द्यायचा ते सर्वांना माहीत आहेच. भाषण थोडक्यात व्हावे. फोटो काढू नये.

पुरवणी.

इथवर लिहून कागद टेबलावर ठेवला होता. साक्षीदार म्हणून रशीद आणि ओमप्रकाश यांना बोलवायचे ठरले होते. पण ओमप्रकाश यांना चष्मा मिळणार आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये असे मी ऐकून होतो. आमच्या लोकांना हे बंधन कायद्याने लागू आहे की नाही, यावर दोन वकिलांनी मला तीन मते दिली. कायदा काही असो, ज्याने पैसा लावला त्याचाच निवाडा करायचा, यातला वाईटपणा मी या वर्षी टीव्हीवर पाहिला आहे. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी राहिली.

काल गुरुवारी दुपारी बेल वाजली. अनुसयेने दार उघडले आणि तिथेच रडायला लागली. मला वाटले कोणाची वाईट बातमी आली. तृप्ती होती, एक पाठीवरची बॅग घेऊन. अश्विनने तिला ऑपरेशनचे कळवले होते. तो फार बोलत नाही असे मी दुसऱ्या कलमात लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे.

मी तिला पहिले वाक्य बोललो ते हे, "तू इकडे आलेली कोणी पाहिलं तर?"

"पाहू देत, बाबा."

"नोव्हेंबर जवळ आलाय. ते पुन्हा जाहिरात करतील. मस्कतला जाऊन आली म्हणतील."

"मी माझ्या वकिलाला सांगून आले. ही इज नॉट अ डोनर. ही इज माय फादर. ज्याला मत द्यायचं नाही त्याने देऊ नये." मग बॅग खाली ठेवून म्हणाली, "आई, भूक लागलीय."

आज शुक्रवार. सकाळी उठलो तर ती टेबलाशी बसून हा कागद वाचत होती. तिचे मराठी वाचन बोट ठेवून होते, त्यामुळे बराच वेळ लागला. टाकीच्या ठिकाणी हसली. तिसऱ्या कलमात बोट थांबत थांबत गेले. मेगरपाशी तिने कागद उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर डोंगराकडे पाहत बसली. अनुसयेने चहा आणून ठेवला तो तसाच राहिला.

मग तिने विचारले, "बाबा, ज्याला काही मिळतं तो विटनेस नको ना?"

"मला तरी ते शोभत नाही असं वाटतं."

"मला पण." तिने माझे पेन उचलून माझ्या हातात दिले आणि मेगरच्या परिच्छेदावर बोट ठेवले. "हे खोडा."

"मेगर तरी घे. त्यात काय आहे? जुनं खोकं ते."

"मेगर पण नको."

"मग तुला काय राहिलं?"

"सेकंड विटनेस रिकामा आहे ना? तिथे मी सही करते." तिचा आवाज कोर्टातला असावा तसा सरळ होता, डोळे मात्र वाहत होते. "देणगी परत केली त्या पेपरवर तुम्ही फॉरेन नॅशनल आहात. मीच साइन केलेला पेपर आहे तो, बाबा. करावाच लागला. या पेपरवर तुम्ही माझे कोण आहात ते मला लिहू द्या. दुसरं मला काही नको."

अनुसया म्हणाली, "खोडा न आता. काहून बसले पाहत?"

मी खोडले. रेघ वाकडी आली आहे. ती हृदयाच्या आजारामुळे समजावी.

तेव्हा मेगरबाबत शेवटची इच्छा अशी. तो कोणाच्याही मालकीचा राहू नये. तो गालाच्या वर्कशॉपमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर ठेवावा आणि अश्विनने त्याला तेलपाणी करावे. वर्कशॉपला भेट देणाऱ्या कोणाही व्यक्तीस तो फिरवून पाहण्याची मुभा असावी. अशी व्यक्ती कोणत्या देशाची नागरिक आहे, हे तिला विचारू नये.

आज दुपारी जेवणानंतर आम्ही वर्कशॉपला जाऊन आलो. सुट्टीमुळे कोणी नव्हते. मी वायरी धरल्या. तृप्तीने दांडी फिरवली. ती आता चव्वेचाळीस वर्षांची आहे, तरीही दोन्ही हातांनीच फिरवते. काटा टोकाला गेला. दोघेही ओरडलो नाही. येताना मत्रहला थांबून रशीद यांना गाडीत घेतले.

रशीद यांनी सही करण्यापूर्वी विचारले, "म्हणजे मला यात काय नाय?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग चहा तरी पाजा." अनुसयेने चहा केला आहे. चहा मृत्युपत्रापूर्वी दिला असल्याने तो लाभ धरू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर त्यावर सही केली.

स्थळ: वादी अदाई, मस्कत. दिनांक: २६ जुलै २०२४.

मृत्युपत्र करणारा: भानुदास गोविंदराव तायडे

साक्षीदार पहिला: रशीद इब्राहिम मुकादम, अत्तराचे दुकान, मत्रह.
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: मित्र.
लाभ: काही नाही.

साक्षीदार दुसरा: तृप्ती भानुदास तायडे.
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: मुलगी.
लाभ: काही नाही.
बाबांनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांच्यासमोर केली.